मागीलदारचा ओला कोपरा

तुमच्या घराला मागीलदार आहे का हो? हसू नका. आजकाल हा प्रश्न म्हणजे ‘तुमच्याकडे रहाट आहे का’ असं विचारण्यासारखाच झाला आहे. पण ज्यांच्याकडे अजून आहे, मग ते चार हात का असेना, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. घराच्या पुढच्या बाजूला आपण तुळस ठेवतो, रांगोळी काढतो, आल्यागेल्याला दाखवतो. मागच्या बाजूला मात्र मोडकी बादली, फुटकी कौलं, धुण्याचा दगड आणि एक असा कोपरा असतो की जिथं ऊन येत नाही, पाणी हटत नाही आणि काही केल्या काही जगत नाही.

असा एक कोपरा माझ्याही वाट्याला आला. बारा फूट लांब, सात फूट रुंद. त्याने माझे पैसे खाल्ले, झोप खाल्ली आणि एकदा तर माझ्या तोंडचं पाणीच पळवलं. आज त्याच कोपऱ्यातल्या अळूच्या वड्या आम्ही खातो आहोत. मधल्या काळात काय काय झालं आणि मी त्यातून काय शिकले, ते सांगावं म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप. मी काही बागकामातली तज्ज्ञ नव्हे. मराठी घेऊन बी. ए. झालेली, सकाळी एका शाळेत अर्धवेळ शिकवणारी आणि उरलेल्या वेळात पोळ्या लाटणारी बाई. तेव्हा माझ्या चुका तुमच्या कामी आल्या तरी पुष्कळ झालं.

आमचं घर जुन्या पनवेलात, तळ्यापासून पाच मिनिटांवर. बैठं, कौलारू, दक्षिणेकडे तोंड केलेलं. दक्षिणेचं दार म्हणून लोक नाकं मुरडतात, पण पुढच्या ओट्यावर बारा महिने ऊन असतं. मागीलदार म्हणजे अर्थातच उत्तरेला. पूर्वी तिथं सकाळचं छान ऊन यायचं, कारण पूर्वेला शेजाऱ्यांचा बैठा वाडा होता. २०१९ मध्ये तो वाडा पाडला आणि २०२१ पर्यंत तिथं पाच मजली इमारत उभी राहिली. पनवेलात आता हे नवीन नाही. १८५२ साली नगरपालिका मिळालेलं हे गाव २०१६ साली महानगरपालिका झालं. वाडे जातायत, इमारती येतायत. कोणाला दोष द्यायचा? ज्यांना राहायला घर हवं त्यांनी तरी जावं कुठं? पण आमचं सकाळचं ऊन गेलं ते गेलंच.

त्या कोपऱ्यात सासूबाईंचा मोगरा होता. मामंजींनी लावलेला. चैत्र-वैशाखात रोज ओंजळभर फुलं निघायची. देवाला वाहून उरलेली माठात पडायची. २०२२ च्या उन्हाळ्यात त्याला सतरा फुलं आली. हो, मोजून सतरा. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण फुलांची परडी त्यांनी खुंटीला उलटी टांगून ठेवली. ती उलटी परडी मला येताजाता टोचायची. मामंजींना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

मग काय, मी कंबर कसली! मे महिन्यातल्या एका दुपारी मागं गेले तर काय, कोपऱ्यात लख्ख ऊन! मनात म्हटलं, उगीच रडतोय आपण, ऊन आहे की! महामार्गाच्या कडेला रोपवाटिका आहेत, तिथून तीन गुलाब, दोन जास्वंदी, शेवंती, कोरफड असं काय काय घेऊन आले. अठराशे पन्नास रुपये झाले. शिकवण्याच्या पगारातले, म्हणून ‘यांना’ विचारलंही नाही. उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग, तशातली गत.

जूनमध्ये पाऊस लागला. आपल्या पनवेलला वर्षाकाठी शंभर इंचांहून जास्तच पाऊस पडतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पंधरा दिवसांत गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडले, पानं पिवळी होऊन गळाली. कोरफड बुंध्याशी कुजून नुसती लिबलिबीत झाली. जास्वंदीला पांढरा पिठ्या ढेकूण लागला, कळ्या उमलण्याआधीच गळायला लागल्या. गणपती येईपर्यंत कोपऱ्यात काड्या उरल्या.

पुढच्या वर्षी वाटलं, जमिनीतल्या ओलीने रोपं मरतायत, तर कुंड्यांत लावू. लावली. दगडी फरशीवर चिखल नको म्हणून प्रत्येक कुंडीखाली प्लॅस्टिकची बशी ठेवली. किती टापटीप! स्वतःवर खूश होते मी.

२०२३ च्या सप्टेंबरात माझ्या आठ वर्षांच्या मुलीला ताप आला. दुसऱ्या दिवशी अंग दुखतंय म्हणाली, तिसऱ्या दिवशी डोळ्यांमागे दुखतंय म्हणाली. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. प्लेटलेट्स उतरत गेल्या तसं आमचं सगळ्यांचं अवसानही उतरत गेलं. पाच रात्री दवाखान्यातल्या स्टुलावर काढल्या. पोर बरी झाली, देवाची कृपा आणि डॉक्टरांचे उपकार. पण घरी आल्यावर तपासणीला आरोग्य खात्याची बाई आली. सरळ मागीलदारी गेली आणि एक कुंडी उचलून मला म्हणाली, ‘‘या बघा ताई.’’ बशीतल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. एकीत नाही, चार बशांत.

काय वाटलं असेल मला, ते तुम्ही आया आहात, तुम्हाला सांगायला नको.

त्या रात्री हे म्हणाले, ‘‘बस झालं आता. दिवाळीच्या आत कोबा घालून टाकू.’’ दुसऱ्या दिवशी गवंडी येऊन माप घेऊन गेलासुद्धा. साडेबारा हजार रुपये सांगितले. मी काही बोलले नाही. बोलायला तोंडच नव्हतं. सासूबाईही गप्प होत्या. फक्त एवढंच म्हणाल्या, ‘‘कोबा घातलात की पाणी कुठं जाईल रे?’’

हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. शाळेत पाचवीच्या मुलांना क्षेत्रफळ शिकवत होते, तेव्हा फळ्यावर सहज मांडलं. बारा गुणिले सात, चौऱ्याऐंशी चौरस फूट. तेवढ्या जागेवर एक इंच पाऊस पडला तर जवळजवळ २०० लिटर पाणी होतं. म्हणजे वीस बादल्या! आणि पावसाळाभरात शंभर इंच धरला तर वीस हजार लिटर. ते आज मातीत मुरतं. कोबा घातला तर उतार चुकला की ते सगळं आमच्या मागच्या भिंतीशी येणार. ती भिंत जुनी, दगडमातीची. म्हणजे डास घालवायला जायचं आणि घरात ओल घेऊन यायची.

दुसरी गोष्ट मी त्या आरोग्य खात्याच्या बाईलाच पुन्हा भेटून विचारून घेतली. डेंग्यूचा डास ओल्या मातीत अंडी घालत नाही. त्याला साचलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं: बशी, टायर, करवंटी, उघडं पिंप. अंड्याचा डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे गुन्हेगार माझा कोपरा नव्हता. गुन्हेगार माझ्या बशा होत्या.

हे सगळं मी यांना नीट सांगितलं आणि एक वर्षाची मुदत मागून घेतली. ‘‘एक पावसाळा बघू. तेवढ्यात काही उगवलं नाही, किंवा एक जरी डासाची अळी सापडली, तर मी स्वतः गवंड्याला चहा करून घालीन.’’ हे म्हणाले, ‘‘बरं.’’ पण गवंड्याचा नंबर त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवला.

मुदत तर मागितली, पण लावायचं काय? इथं माझी गाडी अडली, आणि ती पुढं ढकलली सासूबाईंनी.

त्यांचं माहेर चौलचं. अलिबागजवळचं अष्टागर तुम्ही ऐकलं असेल. नारळी-पोफळींच्या वाड्यांचा मुलूख. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांच्या भावाकडे लग्न होतं म्हणून आम्ही दोघी एसटीने गेलो. दुपारी जेवणं झाल्यावर वाडीत गेलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत पाऊल टाकलं तर डोळ्यांना गारवा. वर नारळ, त्याखाली पोफळी, त्याखाली केळी. पोफळींच्या अंगावर नागवेल आणि मिरवेल चढलेली. जमिनीवर हळद काढून झालेले वाफे, आणि पाटाच्या कडेनं अळूची ही मोठाली पानं. मी आपली ‘‘आई, किती हिरवं आहे हो इथं!’’ असं म्हणत होते. तर सासूबाई एकदम म्हणाल्या, ‘‘अगं, वाडीत ऊन जमिनीला लागतं का कधी? तरी बघ. तू त्या कोपऱ्यात ओट्यावरची झाडं लावत बसलीस. वाडीतली लाव की!’’

बघा, तीन वर्षं मी सावलीशी भांडत होते, आणि माझ्या घरातच एक बाई होती जिचं सगळं लहानपण सावलीत गेलेलं. मी तिला विचारलंच नव्हतं! आपल्या कोकणात सावली हा जमिनीचा दोष नाही, ते एक पीक घेण्याचं ठिकाण आहे. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने तर नारळाच्या सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी लावायच्या पद्धतीला ‘लाखी बाग’ असं नावच दिलं आहे. माझ्या चौऱ्याऐंशी फुटांत लाख कुठले मिळायला! पण दिशा मिळाली.

आता कामाचं सांगते. तुमचाही असा कोपरा असेल तर रोपवाटिकेत जाण्याआधी दोन गोष्टी करा.

पहिली गोष्ट, उन्हाची हजेरी घ्या. मी आलेखाच्या कागदावर तक्ता केला आणि दर महिन्याच्या एका रविवारी तासातासाला जाऊन बघितलं. तेव्हा कुठं मे महिन्यातल्या त्या लख्ख उन्हाचं कोडं सुटलं. आपल्याकडे मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. तेव्हा विहिरीच्या तळाशीसुद्धा ऊन पडतं, मग माझ्या कोपऱ्यात का नाही पडणार? पण तेही दुपारचे दोन तास, आणि जुलैत तर ढगच असतात. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा घराची सावली सगळा कोपरा ओलांडून पलीकडच्या कुंपणाच्या भिंतीवर चढते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत माझ्या तक्त्यात नुसती शून्यं. म्हणून सांगते, उत्तरेकडच्या जागेला मे महिन्यात बघून भुलू नका. मुलगी बघायला जावं आणि तिच्या बहिणीला बघून यावं, तसं होतं ते!

दुसरी गोष्ट, पाण्याची परीक्षा. हातभर खोल खड्डा खणायचा, बादलीभर पाणी ओतायचं आणि बघायचं. तासाभरात जिरलं तर जागा नुसती ओलसर. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसलं तर ती दलदल. माझ्याकडे दोन्ही निघाल्या. कुंपणाकडचा भाग ओलसर, आणि नाल्याकडचा खोलगट भाग दलदलीचा. खणताना आणखी एक शोध लागला. वीतभर मातीखाली सगळं राबिट! इमारतीच्या बांधकामात कधीतरी तिथं येऊन पडलेलं. पाच पाट्या राबिट काढलं, आठ घमेली लाल माती, चार घमेली शेणखत आणि पोतंभर भाताचा तूस घातला. कुंपणाकडे जुनी कौलं उभी पुरून वीतभर उंच वाफा केला. भिंतीलगतची दीड फूट पट्टी मात्र मोकळी ठेवली आणि पागोळ्या पडतात त्या रेघेवर खडी अंथरली. नाहीतर पागोळ्यांनी माती उडते, भिंत बरबटते आणि झाडांची ओल भिंतीला लागते.

मग रोपांची निवड. ती अशी केली.

दलदलीच्या जागी अळू. अळूला पाय पाण्यात असलेले चालतात, एवढं सोसणारी भाजी दुसरी नाही. पण कंद घेताना वडीचं अळू मागून घ्या. त्याचे देठ काळपट जांभळे असतात. उगीच रस्त्याकडेची रानटी तेरी आणून लावाल आणि सगळं घर घसा खाजवत बसेल. खाज कशाची? अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात. म्हणून तर आपल्या आज्या चिंच नाहीतर आमसूल घातल्याशिवाय अळू शिजवत नसत, आणि चिरताना हाताला तेल लावत असत. आंबट घालणं आणि पुरतं शिजवणं, दोन्ही हवं. पूर्वी न्हाणीच्या पाण्यावर अळू-केळी लावायचे, ते पाणी राख-शिकेकाईचं होतं. आज त्यात फिनेल नि साबणाची पावडर असते. तशा पाण्यावरचं अळू खाऊ नका. मी मोरीचं पाणी वेगळ्या नळीने थेट गटारात सोडलं आहे.

उंच वाफ्यावर हळद. मेच्या अखेरीस बोटभर लांब कंद लावले. पानं नागपंचमीच्या पातोळ्यांना मिळाली, नि गणपतीत मोदक उकडायलासुद्धा. सावलीत कंद कमी पोसतात, हे खरं. पण मला व्यापार थोडाच करायचा होता? मला पानं हवी होती. पहिल्या वर्षी फेब्रुवारीत खणली तेव्हा सव्वा किलो ओली हळद निघाली. हे म्हणाले, ‘‘पी हळद नि हो गोरी!’’ पण कालनिर्णयाच्या पानावरचा गवंड्याचा नंबर मात्र नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर उतरवला गेला नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं.

हळदीशेजारी, दुपारचं थोडं उजेडाचं ठिकाण बघून सोनटक्का. हासुद्धा हळदीच्याच कुळातला. ओल आवडते, कडक ऊन आवडत नाही. पहिल्या वर्षी नुसती पानं आली, दुसऱ्या वर्षी श्रावण सरता सरता फुलला. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वास येतो. मुलीने सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचून सांगितलं की हे क्यूबा देशाचं राष्ट्रीय फूल आहे. कुठं क्यूबा नि कुठं पनवेलचं मागीलदार!

कुंपणाच्या भिंतीशी नागवेल, चौलहून आणलेल्या फाट्याची. तिला सावली हवी, दमटपणा हवा, पण मुळाशी तुंबलेलं पाणी नको. म्हणून ती उंचावर. जमिनीवर पसरायला मंडूकपर्णी. हिलाच आपल्याकडे पुष्कळजण ब्राह्मी म्हणतात. खरं तर ब्राह्मी नावाने दोन वनस्पती ओळखल्या जातात. गोलसर, दातेरी कडेच्या पानांची ती मंडूकपर्णी. बारीक, मांसल पानांची ती नीरब्राह्मी, आणि तिला ऊन जास्त लागतं. सावलीसाठी पहिली घ्यावी. औषध म्हणून मात्र वैद्यांना विचारल्याशिवाय काही पोटात घेऊ नये. नेचे मला लावावेच लागले नाहीत, भिंतीच्या भेगांतून आपणहून आले.

शोभेसाठी म्हणाल तर पीस लिली आणि रंगीत पानांचं कॅलेडियम या दोन कुंड्या ठेवल्या आहेत. कॅलेडियम थंडीत पानं टाकून झोपी जातं. मेलं म्हणून फेकू नका, पावसाबरोबर उठतं. ही दोन्ही आणि ते पट्ट्यापट्ट्यांच्या पानांचं डिफेनबाखिया, तिन्ही तोंडात गेली तर अळूसारखीच, किंबहुना जास्त चुरचुरतात. रांगतं मूल घरात असेल तर यांच्या वाटेला जाऊ नये.

लावू नये असं काय? मोगरा, गुलाब, शेवंती, जास्वंद, कोरफड, आणि मुख्य म्हणजे तुळस. तुळशीला ऊन हवंच. आणि एक सांगते. पहिल्या पावसात आपल्या पनवेलच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात, बरोबर ती आंबट काकडं. शेवळंही रानातल्या सावलीतलीच. मला एकदा मोह झाला होता, कर्नाळ्याच्या बाजूला गेल्यावर रानातलाच कंद उकरून आणावा असा. पण कर्नाळा हे १९६८ पासूनचं अभयारण्य आहे, तिथली काडीसुद्धा उचलायची नाही. बघावं मात्र जरूर. ऑगस्टमध्ये त्या झाडांखाली फिरून या, सावलीत काय काय सुखाने नांदतं ते कळेल.

आता डासांचं. हा माझ्या घरातला कायदाच झाला आहे. मागं एकही बशी नाही, कुंड्या विटांवर. दर शनिवारी शाळेतून आल्यावर सगळी भांडी, डबे, पिंपं पालथी करून घासते. घासायची का? तर डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अळूच्या देठांच्या बेचक्यातही चमचाभर पाणी साचू शकतं, म्हणून जून पानं काढत राहते, गर्दी होऊ देत नाही. अळवावरचं पाणी म्हणतात ते पानावरचं. ते घरंगळून जातं. बेचक्यातलं मात्र राहतं. २०२४ च्या आणि २०२५ च्या पावसाळ्यात ती आरोग्य खात्याची बाई तपासणीला आली होती. दोन्ही वेळा टॉर्च मारून सगळं बघितलं. काही सापडलं नाही. दुसऱ्या वेळी जाताना चार वडीची पानं घेऊन गेली.

राहिला मोगरा. नवा वाफा करताना तो मधेच येत होता. मी त्याला हात लावायला तयार नव्हते. मामंजींच्या हातचा, आणि जर मेला तर? खरं सांगायचं तर कोपऱ्यात मोगरा पुन्हा फुलवायचा म्हणूनच मी सगळा खटाटोप सुरू केला होता. त्याला तिथून हलवायचं म्हणजे हरल्यासारखं वाटत होतं. ते दिवस पावसाच्या सुरुवातीचे होते. एका सकाळी मी शाळेतून आले तर सासूबाई मागीलदारी पाटावर बसून, हातात विळा घेऊन मोगऱ्याच्या फांद्या छाटत होत्या. बहात्तर वर्षांची बाई. मला बघून म्हणाल्या, ‘‘कुदळ आण. मोठं आळं करून मातीसकट काढू. पुढं ओट्याशी नेऊ याला.’’

‘‘आई, पण मामंजींनी इथं लावला होता,’’ मी म्हटलं.

‘‘त्यांनी लावला तेव्हा इथं ऊन होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ते असते तर कधीच हलवला असता. झाडाला काय कळतं कोणी कुठं लावलं ते? त्याला ऊन कळतं.’’

आम्ही दोघींनी मिळून तो काढला. घमेल्यात मावेना, म्हणून पोत्यावर ठेवून दोन टोकं धरून ओट्यापर्यंत ओढत नेला. मला भरून आलं होतं. मी काहीतरी बोलून गेले, की आपण बायकाही अशाच, एका अंगणातून उपटून दुसऱ्या अंगणात लावलेल्या. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘मी काही रोप नाही. मी आपली पायांनी चालत आले पनवेलला. ती माती दाब नीट, पोकळ ठेवू नकोस.’’

महिनाभर मोगरा नुसता काडीसारखा उभा होता. मी रोज सकाळी बघायची, त्या बघायच्या नाहीत. मग पालवी आली. यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या चैत्रात एका सकाळी खुंटीवरची परडी जागेवर नव्हती. मी काही विचारलं नाही. संध्याकाळी माठातल्या पाण्याला वास येत होता.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी मागं हळदीची पानं कापत होते. वरून हाक आली, ‘‘अहो ताई!’’ त्याच पाच मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाई. आजवर आम्ही एकमेकींकडे बघून हसलोसुद्धा नव्हतो. माझ्याकडून म्हणाल तर आमचं ऊन खाल्ल्याचा राग होता. त्या संकोचून म्हणाल्या, ‘‘मोदकांना चार पानं मिळतील का हो? बाजारात फार महाग सांगतायत. मी वरून रोज बघते तुमचं बागकाम.’’ आणि त्यांनी दोरीला पिशवी बांधून खाली सोडली. मी पानं घातली, बरोबर थोडी अळूची पानं घातली. संध्याकाळी तीच पिशवी पुन्हा खाली आली. आत डब्यात पाच मोदक.

सासूबाईंनी एक मोदक फोडून बघितला. म्हणाल्या, ‘‘पारी जाड झालीय. पण सारण बरं आहे.’’ त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच.

कोपरा अजून पुरता सुधारला आहे असं नाही. वायव्येच्या टोकाला हातभर जागा अशी आहे की भर दुपारीसुद्धा तिथं वर्तमानपत्राची अक्षरं लागत नाहीत. तिथं दोन वेळा पुदिना लावला, दोन्ही वेळा लांबट, फिक्या काड्या होऊन गेला. आता तिथं एक दगड ठेवला आहे. त्यावर शेवाळ धरलंय, हिरवंगार, मखमलीसारखं. यंदा पावसात मुलगी त्याच्याजवळ उकिडवी बसून तासन् तास गोगलगाई बघायची. फरशीवरचं शेवाळ मात्र घासून टाका बरं का, म्हाताऱ्या माणसांचा पाय घसरतो.

तेव्हा मैत्रिणींनो, कोबा घालायच्या आधी एक वर्ष थांबा. उन्हाची हजेरी घ्या, पाण्याची परीक्षा घ्या, बशा फेकून द्या. आणि घरात कोणी वाडीतलं, रानाकडचं माणूस असेल तर त्याला आधी विचारा. माझे अठराशे पन्नास रुपये वाचले असते.